थोर स्त्रियांचा वसा आणि मामंजींचा आंबा

मुलांना थोर स्त्रिया कशा शिकवायच्या, हे आमच्या केंद्रातल्या अकरा शाळांत एकाच बाईला कळतं आणि ती बाई म्हणजे मी, असं माझं गेल्या एप्रिलपर्यंत ठाम मत होतं. हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी ऐकू गेलं नसतं म्हणा! माझा आवाज जन्मतःच मऊ. वर्गात मी 'शांत बसा' म्हटलं की पुढच्या रांगेतली मुलं शांत बसतात आणि मागच्या रांगेतली त्यांना मोठ्यानं विचारतात, बाई काय म्हणाल्या? मग पुढची मुलं त्यांना ओरडून सांगतात, 'शांत बसा!' अशा रीतीनं वर्गात शांतता पसरते.

देवाला मात्र माझं सगळं ऐकू जातं, ही माझी श्रद्धा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवार आदित्याचा. बुधवार मी मोकळा ठेवलाय, पण एकादशीचा डोळा नेमका बुधवारावर असतो. आमचे हे म्हणतात, ह्या घरात बायकोला जेवताना बघायचं तर दुर्बीण लागते. तसं काही नाही. एक वेळ मी जेवतेच.

तर आमची शाळा पावसच्या अलीकडच्या एका वाडीत. पहिली ते चौथी, मुलं तेवीस, शिक्षक दोन. त्यातले एक, म्हणजे सर, कायम प्रशिक्षणाला. उरले मी. दरवर्षी 'थोर स्त्रियांची ओळख' हा उपक्रम आला की सगळ्या शाळा एकच करतात, ते म्हणजे वेशभूषा. आणि वेशभूषा म्हटली की सगळ्यांना झाशीची राणीच व्हायचं असतं, कारण तलवार. त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे सात राण्या झाल्या आणि इंग्रज एकही नाही. त्यामुळे त्या आपापसातच लढल्या आणि दोघींना टिंक्चर लावावं लागलं. तेव्हाच मी ठरवलं, पुढच्या वर्षी काहीतरी वेगळं.

ते वेगळं मला पूजेला बसले असताना सुचलं. हातात कहाण्यांचं पुस्तक होतं. वाटलं, अरे, आपल्या आयाआज्यांना शेकडो वर्षं कहाण्या तोंडपाठ. आटपाट नगर, एक ब्राह्मण, त्याच्या सात लेकी, सगळं लक्षात. कारण काय? कहाणीला वसा असतो! वसा घेतला की माणूस विसरत नाही. मग जिजाऊंची कहाणी का नको? सावित्रीबाईंची का नको? हिरकणीची तर हवीच. त्या दिवशी फुलं मी देवाऐवजी पुस्तकालाच वाहिली, एवढी मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येकाला एक स्त्री. मग मी वशाचे नियम सांगितले. आपल्या वाट्याच्या स्त्रीची कहाणी पाठ करायची. ती पाच माणसांना सांगायची. ऐकणारा उपाशी हवा. हे माझ्या पदरचं नाही. जुन्या कहाण्यांतली राणीसुद्धा कहाणी सांगायला नगरात उपाशी माणूस शोधत फिरते. शिवाय रिकाम्या पोटी लक्ष चांगलं लागतं, हा माझा रोजचा अनुभव. कहाणी संपली की ऐकणाऱ्याच्या हातावर गूळ-खोबऱ्याचा प्रसाद ठेवायचा, चिमूटभर. आणि घेतला वसा टाकायचा नाही.

मुलं अशी तल्लीन होऊन ऐकत होती की मला पुरस्काराचं व्यासपीठ दिसायला लागलं. शाल, श्रीफळ, आणि मी माईकच्या अगदी जवळ उभी.

तालीम घेतली तेव्हा थोडी डागडुजी करावी लागली. चौथीतल्या ऋत्विकला अहिल्याबाई आल्या होत्या. त्याच्या कहाणीत अहिल्याबाईंनी खूप घाट बांधले, आणि त्यातला आंबा घाट सगळ्यात अवघड, कारण तिथे धुकं असतं आणि बाबांच्या टेम्पोचा ब्रेक एकदा तिथेच गेला. मी त्याला समजावलं की बाळा, हे नदीचे घाट, पायऱ्यांचे. तो म्हणाला, मग त्यात काय अवघड? तिसरीतली शमिका मात्र पक्की. तिची हिरकणी दूध विकायला रायगडावर जायची, दरवाजे बंद व्हायचे, आणि ती बाळासाठी कडा उतरायची. हे सगळं शमिका एका श्वासात सांगायची. शेवटी ऐकणाऱ्याला धाप लागायची.

अडचण एकच निघाली. वाडीत उपाशी माणूस मिळेना! आमच्याकडे माणूस डोळे उघडायच्या आधी चहा पितो आणि चहाबरोबर बटर. मुलं पहाटे उठून आज्यांच्या उशाशी बसायला लागली. एकाची आजी दचकून उठली, तर समोर नातू 'ऐका सावित्रीबाई, तुमची कहाणी' म्हणत हात जोडून बसलेला. तिला वाटलं, आपलंच काहीतरी झालं.

शेवटी मुलांनी शोध लावला की वाडीत हमखास उपाशी असं एकच माणूस आहे, ते म्हणजे बाई. शुक्रवारी संध्याकाळी अकरा मुलं ओटीवर हजर. मी देवीचा उपास धरून अकरा कहाण्या ऐकल्या. प्रत्येकानं माझ्या ओंजळीत मूठ मूठ गूळ-खोबरं घातलं. मला भरून आलं. वाटलं, केवढी माया! तेव्हाच दोन बोटं आणि एक मूठ यांतला फरक मोजला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी देवीचं नाव घेऊन चिमूटभर तोंडात टाकलं, बाकीचं डब्यात भरलं आणि डबा लागत नव्हता म्हणून वरून दाबला.

आता आमच्या मामंजींविषयी सांगायला हवं. मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्माराम. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस कलमांचे मालक, आणि आंब्याच्या बाबतीत लहान मूल. आंबे पिकत घातलेल्या आढीच्या खोलीत गेले की डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगतात, डावीकडचा तिसरा उद्या होईल. आदल्या वर्षी त्यांची साखर उपाशीपोटी एकशे चोवीस आली. दवाखान्यात सांगितलं, काठावर आहात, आंबा बंद. ते अख्खा मोसम आंब्याच्या पेट्या भरत होते आणि जेवणात पपई खात होते. त्या पपईकडे ते जसं बघायचे तसं कुणी माणसाकडेही बघू नये.

म्हणून गेल्या दिवाळीपासून त्यांनी गोड सोडलं होतं. लाडू नाही, शिरा नाही, चहात साखर नाही. रोज सकाळी बागेच्या दगडी गडग्याकडेनं तीन फेऱ्या. सगळं कशासाठी, तर एप्रिलमध्ये वाडीत तपासणी शिबिर होतं, त्यात साखर शंभराच्या आत यावी आणि ह्या मोसमात आंबा खाता यावा. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं, "राही, माझे आता किती मोसम उरलेत गो? त्यातला एक पपईवर गेला."

शिबिर ठरलं रविवारी सकाळी आठला, देवळाच्या सभामंडपात. आमच्या आशा सेविका हौसाताई दोन दिवस आधीपासून रिक्षातून कर्णा लावून फिरत होत्या की तीस वर्षांवरच्या सर्वांनी देवळात उपाशीपोटी यावे. देवळाच्या दारात फळाही लागला. आणि आमच्या शमिकेनं तो वाचला! वर्षभर ती जोडाक्षरं वाचत नव्हती. तो फळा तिनं सगळा वाचला, जोडाक्षरांसकट. सगळी वाडी, एकाच ठिकाणी, उपाशी. तिला वाटलं, ही सोय बाईंनीच केली.

रविवारी सकाळी सात वाजता शमिका आणि ऋत्विक माझ्या अंगणात आले. मी तुळशीपाशी होते. रविवारी सूर्याला अर्घ्य देऊन आदित्याची पूजा होईपर्यंत मी बोलत नाही, तो माझा नेम. त्यांनी विचारलं, बाई, कहाण्या सांगायला जाऊ का? दोघांच्या हातात गुळाच्या पिशव्या होत्या. मला म्हणायचं होतं, थांबा जरा, मी येते. म्हणून मी हाताचा पंजा वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि पळत सुटले. मागे वळून शमिका फाटकाबाहेरच्या पोरांना ओरडली, "बाईंनी आशीर्वाद दिला रे!"

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण इतक्या जणांकडून ऐकलंय की पाहिल्यासारखंच आहे. सभामंडपात तीसेक माणसं सतरंजीवर बसलेली. डॉक्टर मनस्वी मॅडम यायच्या होत्या. ह्या आमच्या आरोग्यकेंद्रातल्या नव्या डॉक्टर, वयानं अगदी लहान, पण शिस्तीच्या. त्यांची गाडी यायला पाऊण तास उशीर झाला. त्या पाऊण तासात तेवीस मुलांनी मंडप ताब्यात घेतला. एका कोपऱ्यात जिजाऊ, खांबापाशी अहिल्याबाई, घंटेखाली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. रिकाम्या पोटी म्हातारी माणसं हात जोडून ऐकत होती. एकेकानं चार-चार, पाच-पाच कहाण्या ऐकल्या. आणि प्रत्येक कहाणीनंतर ओंजळीत प्रसाद.

हातावर आलेला प्रसाद आमच्याकडे कुणी नाकारत नाही, खाली ठेवत नाही आणि खिशातही टाकत नाही. तो तोंडातच जातो. आणि मुख्य म्हणजे प्रसाद हा खाण्यात धरत नाहीत. निर्जळी उपासाला आम्ही तीर्थ-प्रसाद घेतो, त्यानं उपास मोडला असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. त्यामुळे हौसाताईंनी वहीत नाव लिहिताना एकेकाला विचारलं की सकाळपासून काही खाल्लंत का, तेव्हा आलेल्या चौतीसही जणांनी देवासमोर बसून सांगितलं की नाही, कडकडीत उपाशी आहोत. एकही खोटं बोलला नाही.

माझी पूजा आटोपून मी दहाला देवळात पोचले, तर मंडपात कुणी गेल्यासारखी शांतता. मॅडम घामाघूम. चौतीसातल्या एकतीस जणांची साखर वाढलेली! त्यांनी यंत्र बदललं, पट्ट्यांची नवी डबी फोडली, शेवटी स्वतःच्याच बोटाला टोचून पाहिलं. त्यांची नव्वद आली. त्यांना तर वाटत होतं, वाडीच्या विहिरीतच काहीतरी आहे. ज्या तिघांची बरी आली ते तिघंही उशिरा आलेले, म्हणजे कहाणी हुकलेले. पण हे तेव्हा कुणाला माहीत!

मामंजी पायरीवर बसले होते. हातातल्या कागदावर एकशे एक्याण्णव. मिशीला पांढरा कीस लागला होता. मला वाटलं, अक्षता असतील.

मी शेजारी बसले. त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "सहा महिने शिरा सुद्धा नाही खाल्ला गो."

मॅडमनी मंडपातच सगळ्यांना सांगितलं, आजपासून साखर बंद, गूळ बंद, भात निम्मा आणि आंबा पूर्ण बंद. आठ दिवसांनी पुन्हा बघू. एप्रिलचा दुसरा आठवडा, वाडीतल्या घराघरात आढ्या पिकलेल्या, आणि आंबा बंद! त्या दुपारी वाडीत फिरलात तर वाटलं असतं, सुतक आहे. शेजारचे गंगारामकाका पिकलेला हापूस हातात घेऊन ओट्यावर बसले होते. खात नव्हते, नुसते बसले होते, फोटो बघत बसल्यासारखे. संध्याकाळपर्यंत पूर्णगडाहून त्यांच्या मेहुण्याचा फोन आला की तुमच्या वाडीच्या आंब्यानंच साखर होते म्हणतात, खरं काय?

मीही हळहळले. संध्याकाळी देवापुढे बसून वाडीसाठी प्रार्थना केली आणि कुणाकडून काय पाप घडलं असेल याचा विचार केला. खरंच केला हो.

सोमवारी वर्गात वशाचा आढावा घेतला. सगळ्यांचे हात वर. तेवीसच्या तेवीस मुलांचा वसा पुरा झाला होता! मी म्हटलं, शाबास. एवढी उपाशी माणसं कुठे मिळाली? शमिका उभी राहिली आणि तिनं देवळातली सगळी हकिगत सांगितली. ती जसजशी सांगत गेली तसतशी मी खुर्चीत खाली खाली जात होते. शेवटी एवढाच धीर झाला की विचारलं, प्रसाद चिमूटभरच दिलात ना?

"मूठभर," शमिका म्हणाली. "तुम्ही सांगितलात तसा."

"मी चिमूटभर म्हणाले होते गं."

"नाही बाई. तुम्ही म्हणालात, गूळ-खोबऱ्याची मूठभर."

मागच्या रांगेतून ऋत्विकनं साक्ष दिली की मागे तर नुसतं 'मूठभर' एवढंच पोचलं होतं आणि त्याच्या घरचा डबा त्यात संपला, आईनं पाठीत धपाटा घातला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. पाच कहाण्या, पाच मुठी. तेवढा गूळ मारुतीला घातला असता तर त्यालाही काठावर सांगितलं असतं! देवा, क्षमा कर, पण खरंच असं माझ्या मनात आलं.

शाळा सुटल्याबरोबर आरोग्यकेंद्र गाठलं. म्हटलं, सरळ कबूल करायचं. मॅडमच्या खोलीत पंखा असा फिरत होता जसं काही विमान उतरतंय. मी म्हटलं, मॅडम, त्या दिवशी गूळ… मॅडमनी मान वर न करता सांगितलं की गूळही चालणार नाही, गूळ आणि साखर एकच. मी म्हटलं, तसं नाही, मुलांनी गूळ दिला… त्या म्हणाल्या, यापुढे देऊ नका म्हणावं. मी पुन्हा तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या की मधही नाही, काकवीही नाही, आणि तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं तरी असं विचारू नये. एवढं ऐकून मी बाहेर आले.

शेवटी मी घरी बसून पत्र लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, निदान ते तरी ऐकू जातं. संदर्भ, विषय, सगळं घातलं. विषय असा लिहिला: 'थोर स्त्रियांमुळे वाढलेल्या रक्तशर्करेबाबत.' ते पत्र हौसाताईंनी मॅडमच्या हातात दिलं. हौसाताई सांगतात की मॅडमनी ते दोनदा वाचलं, कपाळावर हात ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. रडत होत्या की हसत होत्या, ते हौसाताईंनी विचारलं नाही. मग त्यांनी वहीत एकतीस नावांपुढे गोल केला आणि येत्या रविवारी सगळ्यांची पुन्हा तपासणी ठेवली. फळ्यावर नवी ओळ आली: 'प्रसाद घेतल्यास उपाशी धरले जाणार नाही. मुलांना प्रवेश नाही.'

वाडी आनंदली. माझ्याकडे बघून लोक हसायचे, पण प्रेमानं. गंगारामकाकांनी तर रस्त्यात थांबवून विचारलं, बाई, पुढच्या खेपेला शेंगदाणे ठेवाल काय? आमचे हे दोन दिवस मला 'काय, थोर स्त्री' अशी हाक मारत होते. मी मान खाली घालून भाकरी थापत होते.

मामंजी मात्र हसत नव्हते. मी त्यांना सगळं सांगून पाया पडले, तर म्हणाले, अगो, प्रसादच तो, नाकारून कसं चालेल? सहा महिन्यांनी गूळ खाल्ला, चव लागली. पण त्यांची धाकधूक वेगळीच होती. इतरांची साखर गुळानंच वाढली होती. त्यांची तर आदल्या वर्षीच काठावर होती. गुळाखाली आपली स्वतःची किती, ही भीती. तपासणीला चार दिवस उरले तसे ते आढीच्या खोलीत जायचेच बंद झाले. म्हणाले, उगाच वासाची सवय नको.

मला ते बघवेना. कारण काही असो, ह्या वयात त्यांना ही दुसरी धास्ती मी लावली होती. म्हणून मी त्यांना म्हटलं, चला, गणपतीपुळ्याला जाऊन येऊ. बुधवार होता, एकादशी नव्हती, शाळेला सुट्टी होती, योग चांगला. सकाळच्या एसटीनं गेलो. दर्शन झालं, प्रदक्षिणा घातली. मामंजी गाभाऱ्यासमोर घुटमळत होते. त्यांना नवस बोलायचा होता, पण जन्मात कधी बोलले नव्हते. ती सगळी खाती सासूबाईंकडे होती आणि त्या जाऊन आता सात वर्षं झाली. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, नवस बोलतात कसा?

आता व्रतवैकल्यांचं मला कुणी विचारलं की माझ्या अंगात विद्वत्ता येते. वर्गातली चूक उघडकीला येऊन दोनच दिवस झाले होते, पण मी पाठ ताठ केली आणि सांगायला लागले. म्हटलं, नवसात नारळ-पेढे हे वरवरचं. देवाला पोचायचं तर काहीतरी सोडावं लागतं. आणि सोडायचं तेही असंतसं नाही. जे सगळ्यात आवडतं, ज्यात जीव अडकलाय, ते. नाहीतर देव मोजत नाही. आणि मनातल्या मनात बोलायचं, कुणाला सांगायचं नाही.

हे सगळं मी अगदी स्पष्ट, शब्द सुटा सुटा करून सांगितलं. ह्या वेळी चूक नको!

मामंजी म्हणाले, "ज्यात जीव अडकलाय ते?"

"हो, तेच."

त्यांचा डबीतला तंबाखू मला माहीत होता. पंचावन्न वर्षांचा. मनात म्हटलं, हे फार छान होणार, एका नवसात दोन कामं. ते हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले, आणि इतका वेळ उभे राहिले की मागचा माणूस खाकरला. बाहेर आल्यावर समुद्राकडे बघत म्हणाले, कठीण आहे गो, पण बोललो. मी म्हटलं, आता निर्धास्त राहा.

रविवारी मी स्वतः देवळाच्या दाराशी पहारा दिला. पूजा पहाटेच उरकून घेतली. मुलांना घरात बसवून ठेवा, असं आयांना बजावलं होतं. तरी गडग्याआडून ऋत्विकचं डोकं दिसलं, पण त्याच्या हातात काही नव्हतं, नुसतं बघायला आला होता. मॅडम वेळेवर आल्या. एकेक जण बोट पुढे करत होता आणि मॅडमचा चेहरा उजळत होता. पंच्याण्णव. एकशे दोन. अठ्ठ्याऐंशी. गंगारामकाकांनी आपला आकडा ऐकला आणि ते मंडपातून उठून थेट घराकडे चालायला लागले. चपला तिथेच!

मामंजींचा नंबर सर्वांत शेवटी लागला. त्यांनी बोट पुढे केलं आणि मान फिरवली. मी दारातच जप धरला.

शहाण्णव.

मॅडमनी दोनदा बघितलं. मग त्यांच्या पाठीवर थाप मारल्यासारखा हात ठेवून म्हणाल्या की आजोबा, सहा महिन्यांचं पथ्य फळाला आलं. आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, 'रोज एक आंबा चालेल.' खाली सही आणि शिक्का. मामंजींचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं.

घरी येऊन मी आधी आढीच्या खोलीत गेले. डावीकडचा, वरचा, देठाशी सुरकुतलेला, केशरी. थंड पाण्यात ठेवला, पुसला, चांगल्या ताटलीत दोन फोडी कापून बाठा मध्ये ठेवला. वास असा सुटला की हे बाहेरच्या खोलीतून उठून आले. देवाला दाखवला आणि मामंजींपुढे नेला.

मामंजींनी ताटलीकडे पाहिलं. खोल श्वास घेतला. आणि बोटानं ताटली हळूच माझ्याकडे सरकवली.

"नको गो. मोसमभर सोडलाय."

मला क्षणभर कळेना. म्हटलं, काय सोडलाय?

"आंबा. पुळ्याला बोललो नाय काय? साखर शंभराच्या आत येऊ दे म्हटलं, ह्या मोसमाला आंबा सोडतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"मामंजी," मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही तंबाखू सोडाल."

"तंबाखूत माझा जीव कधी होता?" ते म्हणाले. "ती आपली सवय. जीव आंब्यात. तूच म्हणालीस, नाहीतर देव मोजत नाय."

मी सगळे मार्ग शोधले. आमच्या भटजींना फोन केला, तर त्यांनी विचारलं, बोलताना 'हापूस' म्हणाले की 'आंबा'? हापूस म्हणाले असते तर पायरी चालली असती. मामंजी म्हणाले, नुसता आंबा. मग रायवळही गेला, आमरसही गेला, लोणच्यावर वाद आहे. मी म्हटलं, तुमच्याऐवजी मी सोडते, तुम्ही खा. भटजी म्हणाले, नवस बदली चालत नाही, ती नोकरी नव्हे. आणि मामंजींसमोर बसून आंबा खायची आमची कुणाची छाती नाही. त्यामुळे मोसमभर आमच्या चाळीस कलमांचा आंबा गावभर वाटून झाला. मामंजी बारशाला जावं तसे शेजाऱ्यांकडे जाऊन, त्यांना खाताना बघून येत. मॅडमनी लिहून दिलेला कागद त्यांनी फ्रिजवर चिकटवला होता. येता-जाता तो वाचायचे. आणि जेवायला बसले की मी त्यांच्या ताटात पपई वाढायची.

आता तुम्हाला म्हणून सांगते. परवाच केंद्रप्रमुखांचा निरोप आला की तो वशाचा उपक्रम फारच गाजला म्हणे, अहवाल पाठवा, जिल्ह्याला पाठवू. फॉर्म समोर घेऊन बसलेय. उपक्रमाचं नाव लिहिलं, उद्दिष्टं लिहिली, सहभागी विद्यार्थी तेवीस, लाभार्थी एकतीस. शेवटचा रकाना तेवढा रिकामा आहे. त्यावर छापलंय, 'फलनिष्पत्ती.' फळ तर देवदयेनं भरपूर झालं. निष्पत्ती काय लिहावी, ते मामंजींना विचारायचा धीर होत नाही.